बोलल्यावाचून अडेल असा खेळ

डिझाइनच्या विद्यार्थ्याने भाषा शिकवणारा सामाजिक खेळ करायला घेतला, की त्याचा पहिला आराखडा कसा असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. शाबासकी देणारा एखादा पक्षी किंवा प्राणी असतो. धडे एका वळणावळणाच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने मांडलेले असतात. उत्तर बरोबर आले की गुण मिळतात, सलग काही दिवस हजेरी लावली की बिल्ला मिळतो, आणि सगळ्यात शेवटी मित्रांची यादी येते. तीत कोण पुढे, कोण मागे ते दिसते. या शेवटच्या पडद्याच्या बळावर प्रकल्पाला ‘सामाजिक’ म्हटले जाते. माझी हरकत नेमकी तिथे आहे. गुणफलकावर दोन नावे एकाखाली एक असली, तरी ती माणसे एकमेकांशी बोललेली नसतात. एकाने दिलेले उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडत नाही, आणि पडले तरी त्याचे काही अडत नाही. भाषेचा खेळ सामाजिक कधी होतो? एकाला हवे असलेले दुसऱ्याकडे असते आणि ते बोलल्याशिवाय हाती लागत नाही, तेव्हा. हे अडणे घडवणे हेच अशा प्रकल्पातले खरे डिझाइन आहे. रंग, अक्षरे, चित्रे हा सगळा त्यानंतरचा भाग.

हा साचा आला कुठून, हे पाहिले पाहिजे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक लुइस फॉन आन आणि त्यांचे डॉक्टरेटचे विद्यार्थी सेव्हरिन हॅकर यांच्या कामातून भाषा शिकवणारे डुओलिंगो उभे राहिले आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. सुरुवातीच्या कल्पनेत माणसांचा एकमेकांशी संबंध होता: शिकणाऱ्यांनी मिळून इंटरनेटवरच्या मजकुराचे भाषांतर करायचे आणि त्यातून भाषाही शिकायची. ती कल्पना पुढे मागे पडली. लहान लहान धडे, सलग दिवसांची मोजणी आणि आठवड्याच्या चढाओढीची यादी एवढे टिकले. याला मी कमी लेखत नाही. शिकलेले किती झपाट्याने पुसले जाते हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते, आणि विसरण्यापूर्वी पुन्हा समोर आणणे हा त्यावरचा उपाय आजही खरा आहे. माणसाला रोज दहा मिनिटे बसवणारी कोणतीही युक्ती शब्दसंग्रहाला उपयोगी पडते. पण ती एकट्याची उजळणी आहे. तिला उजळणी म्हणावे आणि तिचा मान ठेवावा. सामाजिक खेळ ही वेगळी वस्तू आहे, आणि उजळणीला यादी चिकटवून ती तयार होत नाही.

माणसाच्या सोबतीने भाषेच्या शिकण्यात खरोखर काय फरक पडतो, याचा एक विलक्षण पुरावा तान्ह्या मुलांकडून मिळालेला आहे. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बारा बैठकांत खेळली आणि बोलली. काहींना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले, काहींना फक्त ऐकवले. पहिल्या गटातल्या बाळांना चिनी उच्चारांतला बारीक फरक ओळखता येऊ लागला. पडद्यावरून आणि ध्वनिमुद्रणावरून शिकणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही. आवाज तेच होते, फरक होता तो समोरच्या माणसाचा. पुढे २०१८ मध्ये याच प्रयोगशाळेतून आणखी एक निष्कर्ष आला: पडद्याला हात लावून चित्रफीत सुरू करणाऱ्या बाळाशेजारी दुसरे बाळ असले, तर शिकण्याची चिन्हे अधिक दिसली. दुसरे बाळ काहीही शिकवत नव्हते, ते फक्त शेजारी होते. मग गुणफलकावरचे नावही अशी सोबत का देणार नाही, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्या बाळांना एकमेकांचे चेहरे दिसत होते, आवाज ऐकू येत होता, नजर कुठे वळते ते कळत होते. नाव आणि आकडा यांत यातले काहीच उरत नाही.

बाळांवरचे निष्कर्ष विशी-पंचविशीच्या माणसाला सरसकट लावणे चुकीचे ठरेल, म्हणून मोठ्या मुलांकडे वळू. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे प्रयोग झाले. कित्येक वर्षे फ्रेंच ऐकून या मुलांची समज फार चांगली झाली. बोलण्या-लिहिण्याचे व्याकरण मात्र मागेच राहिले. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे कारण मांडले: या मुलांना ऐकायला भरपूर मिळाले, पण नेमके बोलल्यावाचून त्यांचे कधी अडले नाही. अर्धवट वाक्यावर काम भागत होते. हे वाचताना उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांची आठवण होते. तिथली मुले आईवडिलांचे मराठी पूर्ण समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, कारण इंग्रजी उत्तरावर घर नीट चालते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी लिपी आणि वाचन शिकवतात आणि ते मोलाचे आहे. पण मराठीत उत्तर दिल्याशिवाय पुढचे पाऊल पडणार नाही अशी परिस्थिती वर्गात सहज उभी राहत नाही. ती खेळात उभी करता येते. एखाद्या विद्यार्थ्याला विषय हवा असेल, तर तो इथे पडलेला आहे.

खेळाचा नियम माणसाच्या तोंडात कोणते शब्द आणतो, हे डिझाइन शिकणाऱ्याने बारकाईने पाहावे. डुओलिंगोचे फॉन आन स्वतः विद्यार्थी असताना त्यांनी ‘ईएसपी गेम’ नावाचा खेळ केला होता. एकमेकांना न दिसणारे, एकमेकांशी बोलू न शकणारे दोन अनोळखी खेळाडू एकच चित्र पाहत आणि सुचतील ते शब्द टाइप करत. दोघांचा शब्द जुळला की गुण. संगणकाला चित्रे ओळखता यावीत म्हणून माणसांकडून शब्द गोळा करणे हा त्यामागचा हेतू होता, आणि पुढे गूगलने तो खेळ घेतला. पण जुळणाऱ्या शब्दालाच गुण असल्यामुळे खेळाडू सर्वांत सामान्य शब्दाकडे धावत. नंतर काही संशोधकांनी चित्राकडे न पाहताच खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा ६९ टक्के चित्रांच्या बाबतीत त्याचा शब्द माणसाशी जुळला. आता शेजारी आपले नाव-गाव-फळ-फूल ठेवा. तिथे नियम उलटा आहे. दोघांचे उत्तर सारखे आले तर पाच गुण, कोणालाच न सुचलेले आले तर दहा. ‘क’ आला की केळे सगळेच लिहितात, म्हणून ज्याला दहा हवे आहेत तो कवठ, करवंद, कलिंगड धुंडाळतो. एक नियम शब्दसंग्रह आकुंचित करतो, दुसरा तो पसरवतो. पिढ्यानपिढ्या वहीच्या मागच्या पानावर खेळल्या गेलेल्या या खेळात अतिशय विचारी रचना आहे, आणि डिझाइनच्या वर्गात तिचा अभ्यास व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. शिवाय त्यात वाद होतात. हे फळ खरेच असते का, हे गाव कुठे आहे, असे विचारले जाते, आणि त्या वादात जेवढी भाषा वापरली जाते तेवढी कागदावर कधीच येत नाही.

तरीही नाव-गावमध्ये एक उणीव आहे: तो वाद नियमाने घडवलेला नाही, आपोआप घडतो. नियमानेच बोलणे घडवायचे कसे, याचा पद्धतशीर विचार आपल्याच देशात झाला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास आणि आसपासच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे नकाशे, दिनदर्शिका, रेल्वेची वेळापत्रके ठेवून प्रश्न सोडवायला लावले. १९८७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी अशा कृतींचे तीन प्रकार सांगितले: एकाकडची माहिती दुसऱ्याला देणे, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवे काढणे, आणि स्वतःचे मत मांडणे. प्रभूंचा कौल तर्काच्या बाजूने होता, कारण माहिती एकदा देऊन झाली की बोलणे तिथेच संपते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हाच दोष वारंवार येऊ शकतो: एकाच्या पत्त्यावर लाल टोपी, दुसऱ्याच्या पत्त्यावर निळी, दोघांनी रंग सांगितले आणि खेळ आटोपला. कॅनडातल्या एका लहान चमूने २०१५ मध्ये काढलेला ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ हा खेळ यातून सुंदर वाट काढतो. त्याचे मूळ २०१४ च्या ग्लोबल गेम जॅममधले आहे, म्हणजे शनिवार-रविवारच्या घाईत जन्मलेली कल्पना. एका खेळाडूला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला ठाऊक नसते. बाकीच्यांच्या हातात २३ पानांची पुस्तिका असते, पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. वेळ संपत चाललेला असतो. वर्णन, प्रतिप्रश्न, अटी, ‘जर तारा चार असतील तर’ अशी वाक्ये, सगळे तोंडून निघावेच लागते. आणि सांगून भागत नाही, सांगितल्यावर ठरवावेही लागते. भाषा शिकवायचा त्याचा दावा नव्हता, तरी भाषेच्या वर्गात तो पोचला आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. दोन नवशिके एकमेकांशी बोलले तर ते एकमेकांच्या चुका पक्क्या करणार नाहीत का? गंमत अशी, की खुद्द प्रभूंना हीच भीती होती. गटकामावर त्यांचा भर नव्हता. स्वेन यांच्या कॅनडातल्या मुलांतही वर्गाची म्हणून एक मोडकी फ्रेंच रुजली होती आणि ती सगळ्यांना कळत होती. उलट बाजूला मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या संशोधकांनी १९८५ मध्ये उपलब्ध पुरावे एकत्र करून दाखवले, की शिकणारा दुसऱ्या शिकणाऱ्याशी बोलताना, भाषा येणाऱ्याशी बोलताना करतो त्यापेक्षा जास्त चुका करत नाही. आणि अर्थ अडला की दोघे पुन्हा विचारतात, शब्द बदलून सांगतात. शिकणे बहुधा त्या अडण्या-सुटण्यातच होते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि त्यांच्यातून वाट काढणे हे डिझाइनचे काम आहे: व्याकरणाची चूक झाली की खेळात काहीतरी बिघडले पाहिजे. मराठीत याची फार चांगली सोय आहे. टेबलावर तीन हिरव्या वस्तू ठेवा: चमचा, वाटी, ताट. एकाच्या पत्त्यावर कोणती वस्तू उचलायची ते लिहिले आहे, पण वस्तूचे नाव घ्यायला बंदी आहे. ‘हिरवी उचल’ म्हटले की वाटी, ‘हिरवा उचल’ म्हटले की चमचा, ‘हिरवे उचल’ म्हटले की ताट. ज्या लिंगभेदाने मराठी शिकणारा रडकुंडीला येतो, तोच इथे किल्ली होतो. सामान्यरूपात गेले की आणखी पेच पडतो: ‘त्याच्यावर ठेव’ म्हणजे चमच्यावर की ताटावर? दोन्हींना तेच रूप. इथे समोरच्याला विचारावेच लागते, आणि विचारताना नवे वाक्य जुळवावे लागते. वाटीचे लिंग दोघांनाही चुकीचे माहीत असेल, तर डावाच्या शेवटी पत्ता उलटून पाहिल्यावर ते उघडे पडते. शिक्षकाने लाल शाईने सांगण्यापेक्षा हे सांगणे सौम्य आहे आणि लक्षातही अधिक राहते.

दुसरा आक्षेप खेळावरच आहे: हात आणि डोके खेळात गुंतले की भाषेकडे लक्ष राहत नाही. याला भक्कम आधार आहे. जपानमध्ये ८० विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाला इंग्रजी गाण्यांचा व्हिडिओ गेम खेळायला दिला आणि दुसऱ्याला नुसता बघायला; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बघणाऱ्यांना इंग्रजी शब्द खेळणाऱ्यांपेक्षा जास्त आठवले. या निष्कर्षाला वळसा घालून पुढे जाऊ नये. पण त्या खेळात ठेका धरून बटणे दाबायची होती. शब्द समजले काय, न समजले काय, गुण तालाचे होते. भाषा बाजूला उभी होती. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या आराखड्याला एक कसोटी लावावी: आवाज बंद करून, शब्द झाकून हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर भाषा त्याच्यात सजावटीपुरती आहे. वेगावर बेतलेले बहुतेक आराखडे या कसोटीला उतरणार नाहीत, आणि ते वेळीच टाकून द्यावेत.

ज्याला भाषेतले दहा शब्दही येत नाहीत, त्याला बोलल्यावाचून अडवणे क्रूर नाही का? आणि चारचौघांत हसे होण्याच्या भीतीचे काय? यावर इव्हान गार्डनर यांनी रचलेला ‘व्हेअर आर युवर कीज’ हा खेळ पाहण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेत वृद्धांपुरत्या उरलेल्या काही आदिवासी भाषा पुन्हा तोंडात आणण्यासाठी तो वापरला गेला. दगड, काठी अशा समोरच्या वस्तूंपासून सुरुवात होते, प्रत्येक वाक्याबरोबर हाताची खूण असते, आणि ‘हळू’, ‘पुन्हा’, ‘आता पुरे’ हे सांगायच्या खुणा सगळ्यांना आधीच शिकवलेल्या असतात. म्हणजे अडवणूक आहे, पण मदत मागण्याची रीतही नियमातच आहे. मदत मागणे कमीपणाचे ठरत नाही. भीतीबद्दल बोलायचे तर, थायलंडमध्ये हायो रायंडर्स आणि सोराडा वट्टाना यांनी विद्यापीठातल्या मुलांना ऑनलाइन खेळातून इंग्रजी वापरायला लावले, तेव्हा वर्गात गप्प बसणारी मुले खेळात बोलती झाली. त्यांची वाक्ये काही लगेच अधिक शुद्ध किंवा अधिक गुंतागुंतीची झाली नाहीत, हेही त्यांनी नोंदवले आहे. सुरुवातीला तोंड उघडणे एवढेच मिळाले तरी ते थोडे नाही.

मुंबई-पुण्यात मराठी शिकू पाहणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे, आणि ती आपण मराठी बोलणारेच निर्माण करतो. समोरच्याचे मराठी जरा अडखळले की आपण चटकन हिंदीवर येतो. त्यात सौजन्य असते, घाई असते, सवय असते. पण शिकणाऱ्याच्या हातून सरावाची संधी निसटते ती निसटतेच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हे दोन्ही आवश्यक होते. रिक्षात, बँकेत, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याबरोबर मराठी वाक्य पुरे होऊ देण्याचे काम मात्र कायद्याला करता येत नाही. खेळाला करता येईल, जर त्यात अधिकार उलटे वाटले असतील. बॉम्बच्या खेळातल्यासारखी पुस्तिका नवशिक्याच्या हातात द्यावी आणि पेच मराठी भाषकापुढे ठेवावा. मग अस्खलित बोलणाऱ्याचेच अडखळणाऱ्यावाचून अडते. त्याला थांबावे लागते, ऐकावे लागते, सोपे करून विचारावे लागते, आणि हिंदीत गेले तर डाव जातो. सोसायटीच्या गणेशोत्सवात, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, परगावाहून आलेल्या मुलांच्या वसतिगृहात असा पत्त्यांचा एक संच खेळला गेला, तर त्याला मोबाइलचीही गरज नाही.

राहतो तो रात्री एकटा बसून शिकणारा. त्याला जोडीदार कुठून मिळणार? इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकणाऱ्याला जगात कुठेतरी जागा असलेला माणूस सापडतो. मराठी शिकणाऱ्याला तो त्या क्षणी सापडेलच असे नाही. हल्ली संगणकच बोलतो, मग तोच सोबती का नको, असेही म्हटले जाईल. सरावाला तो चालेल. पण संगणकाला खरोखर काही नको असते, त्याचे काही अडत नाही, आणि हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून विद्यार्थ्याने आपला खेळ सगळ्यांसाठी, सगळ्या वेळी, सगळ्या भाषांत चालावा असा हट्ट धरू नये. एक जागा निवडावी, तिथली दोन प्रकारची माणसे निवडावीत, आणि त्यांना एकमेकांकडून काय हवे असेल ते शोधावे.

यासाठी शिक्षकांनीही मूल्यमापन बदलले पाहिजे. प्रकल्प तपासणाऱ्या ज्युरीपुढे आज वायरफ्रेम म्हणजे पडद्यांचे कच्चे आराखडे असतात, पर्सोना म्हणजे कल्पित वापरकर्त्यांची वर्णने असतात, वापरून पाहिलेल्या चार-पाच जणांना खेळ आवडल्याची नोंद असते. एका सेमिस्टरमध्ये कोणी भाषा शिकले की नाही हे मोजता येत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. मोजता येईल अशी गोष्ट दुसरी आहे. खेळणाऱ्या दोघांच्या परवानगीने वीस मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि शब्दशः लिहून काढावे. त्यात ‘म्हणजे?’, ‘कोणती?’, ‘परत सांग’, ‘तसे नाही, त्याच्या बाजूचे’ अशी किती वाक्ये आली, ती कोणाकडून आली, नियम बदलल्यावर वाढली की घटली, आणि कोणत्या ठिकाणी दोघांनी आपल्या सोयीची भाषा पकडली, हे पाहावे. पहिल्या नियमानिशी झालेल्या बोलण्याचा एक उतारा, बदललेल्या नियमानिशी दुसरा, असे दोन उतारे शेजारी शेजारी भिंतीवर लावले, तर प्रकल्पात डिझाइन किती झाले ते ज्युरीला स्वच्छ दिसेल. पडदे नंतर पाहता येतील.